फळीचा तळपाय

नवी फळी हातात आली की मुलांना लगेच तिच्यावर उभं राहायचं असतं. माझ्याकडे ते चालत नाही. आधी ती उलटी करून टेबलावर ठेवायची, डोळे मिटायचे, हाताची मागची बाजू तळावरून हळू फिरवायची आणि काय जाणवलं ते मला सांगायचं. मुलं हसतात, पण करतात. तेहरानच्या वरच्या डोंगरातल्या शेमशकच्या उतारावर मी चाळीस वर्षं मुलांना बर्फावर घसरायला शिकवलं. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून पायथ्याच्या माझ्या खोलीत बसून त्यांना त्यांचे स्नोबोर्ड तयार करायला शिकवतो. आमच्या गावात स्नोबोर्ड असं कोणी म्हणत नाही. सगळे फळीच म्हणतात.

त्या मंगळवारी यक्ता शाळेतून थेट आली ती पाठीवर स्वतःएवढं पुडकं घेऊन. तिचा बाप वर माणसांना डोंगरावर नेणाऱ्या तारेच्या पाळण्यांवर काम करतो, मामा ट्रक चालवतो. मामाने तुर्कस्तानातून स्वतःच्या अंथरुणाखाली घालून ही फळी आणली होती. बसायच्या आधीच तिने कागद फाडला. यक्ता अकरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत लहानखुरी. शुक्रवारी तेहरानच्या प्रशिक्षिका सहबाबाई नवशिक्यांच्या वर्गासाठी मुलं निवडणार होत्या. जागा आठ, नावं नऊ. उतार सोपा आहे, त्यावरून सगळेच येतात. खरी परीक्षा खाली आहे. उतार संपला की दोनशे पावलांचं सपाट मैदान लागतं, तिथे आलेल्या वेगावर जो जितका पुढे सरकेल तितका. सगळ्यांत आधी थांबेल तो बाहेर.

हलक्या मुलाला सपाटीवर वेग टिकत नाही. मागच्या वर्षी यक्ता भाड्याच्या फळीवर निम्म्यातच थांबली होती आणि सगळ्या गावासमोर फळी काखेत मारून चालत परत आली होती. पुढच्या हिवाळ्यात तिला बारा पूर्ण होणार, आणि बारा झालेल्याला या वर्गात घेत नाहीत. म्हणजे ही शेवटचीच संधी. ती यातलं काही बोलली नाही. फक्त विचारलं, "काका, ही थांबणार नाही ना?"

मी म्हटलं, ते तुझ्या हातात आहे, बाही वर कर.

ती खिडकीतून बाहेर बघत असताना मी मागून तिला हलकंच ढकललं. तोल सावरायला तिचा डावा पाय पुढे पडला. झालं, डावा पाय पुढे. असं विचारून कळत नाही, मुलं विचार करून चुकीचं उत्तर देतात. मग बूट धरणारी दोन्ही बाइंडिंग खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर ठेवली, पुढचं पंधरा अंश बाहेर वळवलेलं, मागचं थोडंसं उलट्या बाजूला. बदकासारखं दिसतं म्हणून ती हसली. स्क्रू तिनेच आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करायचं नाही; चारही थोडे थोडे, समोरासमोरचे, म्हणजे बाइंडिंग तिरकं बसत नाही. बूट अडकवून पाहिला, पुढे बोटं आणि मागे टाच सारखीच बाहेर आली का ते मोजलं.

मग मेण. इस्त्रीतून धूर निघाला तर ती फार तापली, मेणही जळतं आणि तळही. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब सोडायचे, आणि मग इस्त्री पुढून मागे फिरवत राहायची, कुठेही थांबवायची नाही. यक्ता जीभ दातांत धरून फिरवत होती. शेवटी मेणाचा एक ओला, चकचकीत थर सगळीकडे पसरला. ती फळी उचलून बर्फात ठेवायला निघाली, लवकर गार व्हावी म्हणून. मी अडवलं. घाईने गार केलं तर मेण तळात मुरायच्या आधीच आखडतं. ते रात्रभर खोलीतच राहू दे. तिने फळीला हात लावून निरोप घेतला, जसा गाढवाचा घेतात.

बुधवारी दुपारी मी भाकरी आणायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तर दार उघडं आणि कामरान फळीवर वाकलेला.

कामरान माझाच विद्यार्थी. अकरा वर्षांपूर्वी त्याने माझ्या समोरच, रस्त्यापलीकडे, फळ्या भाड्याने द्यायचं दुकान काढलं आणि यंत्राने मेण लावायला सुरुवात केली. तेव्हापासून आमचं सलाम-दुवा आहे, पण मी त्याच्या हातचा चहा पीत नाही. त्याची मुलगी परस्तू ही नवातली एक, आणि यक्तानंतर सगळ्यांत कच्ची तीच. म्हणजे बाहेर कोण राहणार हे या दोघींतच ठरणार होतं, आणि हा मनुष्य रिकाम्या खोलीत यक्ताच्या फळीवर तळहात फिरवत होता.

मला पाहून तो सरळ झाला. म्हणाला, दार वाऱ्याने उघडलं होतं, लावायला आलो. मग फळीकडे पाहत म्हणाला, "काय फळी आहे उस्ताद. मुलगी उडणार यावर."

नुसतं एवढंच. एवढी स्तुती केली आणि दृष्ट लागू नये म्हणून पुढे म्हणायचं ते माशाल्ला म्हटलं नाही. मी दृष्टबिष्ट मानत नाही, पण मनात टोचलं. तो गेल्यावर मी तळ खिडकीजवळ नेऊन पाहिला. मेणावर बोटांचे ठसे होते, बाकी काही नाही.

यक्ता आली. आम्ही प्लास्टिकच्या पट्टीने मेण खरवडून काढलं, पुढून मागे, लांब लांब ओढीत. तिला वाईट वाटलं. एवढं लावलं ते काढायचं कशाला? सगळ्या मुलांना हेच वाटतं. वरचं मेण बर्फाला धरून ठेवतं, कामाचं तेच जे आत मुरलंय. मग ब्रश मारला आणि खोलीमागच्या छोट्या चढावर तिला एकदा सोडली. फळी आवाज न करता गेली, थेट कुंपणापर्यंत. ती परत धावत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता.

आणि इथेच मी ते बोललो. फळी पिशवीत घालून देताना म्हटलं, "जपून ने. कामरानचा डोळा आहे हिच्यावर."

गुरुवारी शाळेला सुट्टी. ती सकाळीच आली, पण नेहमीसारखी चहाच्या सामोवराजवळ येऊन बसली नाही. दाराशीच खुंटीपाशी उभी राहिली. मी चहा ओतायला पाठ फिरवली, वळलो तर ती बाहेर पडलेली. अर्ध्या तासाने परत आली ती फळी ओढत.

फळी चालत नव्हती. काल जी कुंपणापर्यंत गेली ती आज वाळूवर ठेवल्यासारखी चिकटत होती.

मी बाहेर जायला खुंटीवरचा मफलर घ्यायला गेलो आणि तिथेच थांबलो. माझ्या मफलरच्या टोकाला सहा गोंडे आहेत. पाचच होते. सहावा कात्रीने सरळ कापलेला.

खोलीला कुलूप मी क्वचितच लावतो. फळी बिघडते, गोंडा कापला जातो, आणि दोन्हीच्या आदल्या दिवशी कामरान आत येऊन जातो. मी हिशेब जुळवला. गोंडा कशासाठी ते मात्र कळेना.

फळी उजेडात धरली. मधल्या भागावर तळ मंद दिसत होता, चहाच्या पेल्यावर साय धरावी तसा. नखाने खरवडलं तर पातळ पापुद्रा निघाला. साखरेचा पाक असावा असं मला वाटलं. पाक लावून कोणाची फळी धरवून ठेवायची ही आमच्या काळातली जुनी खोडी होती, आणि ती कामरानला मीच कधीतरी गोष्टीत सांगितलेली होती.

यक्ताला विचारलं, फळीला कामरानने हात लावला का? नाही म्हणाली. रस्त्यात कोणी भेटलं? नाही. परस्तू? नाही. मग घरी कोणी? यावर ती बुटांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, मी घरी नेते. मी पुसून घेईन."

माझ्याकडे येऊ लागल्यापासून चार वर्षांत या मुलीने माझ्याकडून फळी काढून घेतली नव्हती. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. परस्तू आणि ती शाळेत एकाच बाकावर बसतात. मला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे आणि कोणीतरी हिचं तोंड बंद केलंय. मी फळी सोडली नाही. तिला म्हटलं, इथेच थांब, आणि रस्ता ओलांडून कामरानकडे गेलो.

तो काउंटरमागे बुटांच्या नाड्या ओवत होता. मी सरळ काही विचारलं नाही. काल खोलीत किती वेळ होतास, हात कशाने बरबटले होते का, असं आडून आडून चाललं होतं. त्याने नाडी खाली ठेवली.

"उस्ताद, फळी चालत नाहीये, असंच ना? सकाळी खिडकीतून पाहिलं मी. तुमचं मेण आणि तुम्हालाच कळेना?"

त्याने काउंटरखालून एक बाटली काढली, तळ धुवायचं औषध. आमच्या गावात ते फक्त त्याच्याकडेच मिळतं. घेऊन जा म्हणाला. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा पुढे केली, मी पुन्हा मागे सारली. तिसऱ्यांदा त्याने ती काउंटरच्या माझ्या बाजूला ठेवली आणि पुन्हा नाड्या ओवायला लागला. पाहुणचारात तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा घ्यायची आमची पद्धत. पण मी तशीच ठेवून आलो. त्या बाटलीत त्याने काय भरलंय कोण जाणे, असं माझ्या मनात होतं, आणि ते माझ्या तोंडावर त्याने वाचलंही असावं.

परत आलो. औषध नसेल तेव्हाची जुनी रीत आहे. तळावर मऊ मेण वितळवायचं आणि ते गरम असतानाच खरवडायचं, म्हणजे मळ त्याच्याबरोबर उचलला जातो. यक्ता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, हात कोटाच्या खिशात, मुठी आवळलेल्या. मी इस्त्री तापवली, मेण सोडलं, आणि मंद डागावरून इस्त्री फिरवली.

खोलीत तळलेल्या अंड्याचा वास सुटला.

मी इस्त्री उचलली. वास घेतला. पुन्हा टेकवली. शंकाच नाही, सकाळी न्याहारीला तव्यावर तेल टाकून अंडं फोडावं तसा वास. तळावर पांढरट खवले उठले होते. आणि त्यात एक छोटा काळा दाणा करपलेला. तो मी नखावर घेतला. इस्फंद. दृष्ट काढताना निखाऱ्यावर टाकतात ते बी.

अकरा वर्षं ज्याच्यावर संशय घेतला त्या माणसाच्या घरी कोंबड्या नाहीत. यक्ताच्या आत्याकडे मात्र बावीस आहेत.

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि यक्तासमोर दुसरं स्टूल ओढून बसलो. मुलं खोटं बोलतात तेव्हा मी प्रश्न विचारत नाही. बराच वेळ नुसता बसतो. त्यांना ते सहन होत नाही.

"आत्याने केलं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात कामरानचा डोळा आहे. मी घरी सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं. महलका, म्हणजे तिची आत्या, पोरीची आई गेल्यावर तिला वाढवणारी बाई. तिने बुधवारी संध्याकाळी एक ताजं अंडं घेतलं. ज्यांनी ज्यांनी फळी पाहिली त्यांच्या नावाने कोळशाने त्यावर गोल काढले. अंडं दोन नाण्यांमध्ये धरून फळीवर एक एक नाव घेत दाबत गेली. ज्या नावावर अंडं फुटतं त्याची दृष्ट. फुटलेल्या अंड्याचं जे हाताला येईल ते आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळपायांना चोळतात, हे आमच्याकडे सगळेच करतात. मलाही लहानपणी चोळलंय. पण फळीला कपाळ कुठलं आणि तळपाय कुठले, यावर महलकाबाईने विचार केला, आणि फळीची जी बाजू जमिनीला लागते ते तिचे तळपाय असं ठरवलं. नीट चोळलं. मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं, कारण ती स्वच्छतेची बाई आहे.

मला हसू आलं होतं. पण मुलीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि गोष्ट अजून संपली नव्हती.

मी विचारलं, "मग? कामरानच्या नावावर फुटलं?"

तिने मान हलवली. नाही.

"बापाच्या?"

नाही. खिशातली मूठ बाहेर आली आणि उघडली. तळहातावर माझ्या मफलरचा निळा गोंडा होता, घामाने ओला झालेला. ज्याची दृष्ट लागली त्याच्या कपड्याचा धागा इस्फंदाबरोबर जाळावा लागतो.

"तुमच्या नावावर फुटलं, काका."

ती आता रडत होती. म्हणाली, आत्याने तुम्हाला सांगू नको म्हटलं. आत्या म्हणाली, काकांचा दोष नाही, म्हातारी माणसं प्रेमाने बघतात तेव्हाही लागते. फळी त्यांच्याकडे जास्त ठेवू नकोस. आणि मी गोंडा चोरला.

म्हणजे सकाळपासून मी तिच्याकडे संशयाने बघत होतो आणि ती माझ्याकडे. मी तिचे आवळलेले हात पाहत होतो, ती माझे डोळे चुकवत होती.

मी तो गोंडा तिच्या मुठीत परत मिटवला. "आत्याला दे. म्हणावं, काकांनी आपणहून दिलाय, निवांत जाळा. आणि माझं नाव आलं ते बरोबरच आलं. या फळीवर पहिली वाईट गोष्ट माझ्याच तोंडून निघाली. फक्त तळपायांना आता हात लावू नका म्हणावं."

ती नाक पुसत म्हणाली, "आता काय करायचं? उद्या आहे."

शिजलेलं अंडं गरम मेणाने निघत नाही. मीच इस्त्री फिरवून ते पक्कं केलं होतं. खालचं मेण विरघळवून सुटं केलं तर वरचं सगळं त्याच्याबरोबर निघतं, आणि त्याला औषधच लागतं.

मी पुन्हा रस्ता ओलांडला. बाटली काउंटरवर तिथेच होती, मी सोडली त्याच जागी. कामरान जागचा हलला नाही. मी त्याला सांगितलं की मी काय समजत होतो. पाक, गोंडा, सगळं. अंड्यापर्यंत आलो तेव्हा त्याच्या मिशा हलायला लागल्या, पण तो हसला नाही.

"पाकाची खोडी तुम्हीच सांगितली होती," तो म्हणाला. "तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला वाटलं होतं तुम्हाला माझ्याबद्दल दुसरंही काही आठवत असेल."

मी बाटलीकडे हात नेला, मग थांबलो. म्हटलं, परस्तूही उद्या आहे. ही फळी चालली तर तुझ्या मुलीचं काय होईल ते तुला माहीत आहे.

"माहीत आहे," तो म्हणाला. "घेऊन जा. आणि चहा तयार आहे. आज तरी."

मी उभ्यानेच पेला घेतला, साखरेचा खडा दातात धरून प्यायलो. चांगला होता. बहुधा नेहमीच असावा.

दुपारभर यक्ता आणि मी तळ धूत बसलो. औषध लावायचं, थांबायचं, फडक्याने एकाच दिशेने पुसायचं. तिसऱ्या फडक्यावर पिवळं यायचं थांबलं. मग वाळवलं, नवं मेण दिलं. रात्रभर मुरायला ठेवण्याइतकाच वेळ उरला होता. सकाळी सातला यक्ता आली, खरवडलं, ब्रश मारला. तिने डोळे मिटून हाताची मागची बाजू तळावरून फिरवली, मी न सांगता.

शुक्रवारी मैदानाच्या कडेला गाव जमलं होतं. महलकाबाई कोळशाचं भांडं घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्याभोवती इस्फंदाचा धूर होता. सहबाबाईंनी त्यांना विनंती करून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं. परस्तूची पाळी सातवी. उतारावर ती छान आली, गुडघे वाकवून, मी शिकवलं असतं तसंच. सपाटीवर फळी हळू झाली, आणखी हळू झाली, एकशे दहाव्या पावलावर थांबली. तोपर्यंत तीच सगळ्यांत मागे होती. कामरान माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याने टोपी काढली आणि परत घातली.

आठवाही तिच्या पुढे गेला. यक्ता शेवटची. तिचा उतारावरचा वेग परस्तूपेक्षा कमी होता, हे मला वरूनच दिसलं. सपाटीला लागली तशी मी पावलं मोजायला लागलो. ऐंशी. नव्वद. ती श्वासही घेत नसावी. शंभरावर फळी इतकी मंद झाली की पुढे सरकतेय की नाही ते कळेना. पण तळ धरत नव्हता. ती परस्तूच्या खुणेपाशी आली, खुणेवरून गेली, आणि साधारण एका फळीच्या लांबीवर, जणू आता पुरे म्हणून, थांबली.

सहबाबाईंनी वहीत लिहिलं. यक्ता पट्टे सोडायचंही विसरली, तशीच बसकण मारून बर्फात बसली.

परस्तूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला अजून एक हिवाळा होता, ती दहाचीच आहे. मी कामरानला म्हटलं, शनिवारपासून तिला तिच्या फळीसकट माझ्याकडे पाठव. तो म्हणाला, पाठवतो, पण गोष्टी जरा बघून सांगा. मग तो यक्ताकडे गेला, फळी उचलून तळ पाहिला, आणि तोंड उघडलं. मागून महलकाबाईंनी धुराच्या भांड्यासकट दोन पावलं पुढे टाकली.

"माशाल्ला," कामरान म्हणाला, बाकी काहीही म्हणायच्या आधी.

मग यक्ताने फळी माझ्यापुढे धरली, बघा म्हणून. तळ स्वच्छ होता, काळाभोर, एकही डाग नाही. माझ्या ओठावर शब्द आले होते. आत्या आणि भाची, दोघी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. कामरानही.

मी आधी ते म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मगच फळी हातात घेतली.